धाकटीचं फोटोफेरेसिस

अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणानंतरचे शंभर दिवस सुखरूप गेले की अर्धा गड सर झाला, असं वॉर्डातल्या सगळ्या आया एकमेकींना सांगतात. आमचे ते शंभर दिवस चांगले गेले. धाकटीला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं हिमोग्लोबिन तयार न होणारा जन्मजात आजार. अगदी तान्ही असल्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, त्या रक्तामुळे साठणारं लोह उतरवायच्या गोळ्या द्यायच्या, पुन्हा रक्त. एचएलए म्हणजे पेशींवरच्या खुणा, ज्यांवरून शरीर आपलं-परकं ओळखतं. सख्ख्या भावंडाचं एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आमच्या थोरल्याचं जुळलं. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याच्या कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढली, तिला दिली, आणि काही आठवड्यांत तिच्या अंगात त्याचं रक्त तयार व्हायला लागलं. तिचा रक्तगटसुद्धा बदलून त्याचा झाला. घरात आम्ही पेढे वाटले.

मग प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या सायक्लोस्पोरिनचा डोस टप्प्याटप्प्याने उतरवत असताना ती जेवताना ताट सरकवायला लागली. साधी आमटीही झोंबते म्हणायची. गालाच्या आतून पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. पाठोपाठ पोटऱ्या आणि कोपरांवरची त्वचा ताठ, चकचकीत दिसू लागली. चिमटीत धरायला गेलं तर धरता येईना. बोटं पूर्ण मिटेनात. त्वचेचा छोटा तुकडा तपासायला गेला आणि निदान आलं: क्रॉनिक जीव्हीएचडी, ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज. दात्याच्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, रुग्णाच्या शरीराला परकं समजून त्याच्यावर हल्ला करतात, तो हा आजार. एचएलए पूर्ण जुळलं तरी तो होऊ शकतो, कारण एचएलएच्या पलीकडेही दोन भावंडांच्या पेशींत बारीकसारीक फरक असतातच.

इथे एक गोष्ट मला फार लागली. ल्युकेमियाच्या मुलांमध्ये या आजाराची थोडी झळ बसली तर तिचा काही उपयोगही असतो, कारण दात्याच्या त्याच पेशी उरलेल्या कॅन्सरच्या पेशीही मारतात. थॅलेसेमियात मारायला कॅन्सर नसतोच. म्हणजे तिला जे सोसावं लागत होतं त्यातून तिच्या पदरात काहीच पडणार नव्हतं. डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितलं आणि म्हणाले, "म्हणूनच आपण वाट पाहत बसायचं नाही."

आधी स्टिरॉइड सुरू झालं, पहिला उपचार तोच असतो. त्वचा थोडी मऊ झाली. पण चेहरा गोल सुजला, रक्तदाब वाढला, रात्री दोन वाजता उठून भूक लागली म्हणून रडायची. डोस जरा उतरवला की त्वचा पुन्हा ताठ. स्टिरॉइडवर मूल फार दिवस ठेवता येत नाही. हाडं ठिसूळ होतात, उंची खुंटते, बुरशीचे संसर्ग गाठतात. जोडीला रुक्सोलिटिनिब नावाचं औषध दिलं, तर प्लेटलेट उतरू लागल्या आणि तेही आवरतं घ्यावं लागलं. त्यानंतर फोटोफेरेसिस हा शब्द आमच्या घरात आला.

मला समजलं ते असं. रक्त नळीतून यंत्रात घ्यायचं, यंत्रात ते गरगर फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशींचा थर वेगळा काढायचा, तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा मुलाला परत करायचा. वेगळ्या काढलेल्या पांढऱ्या पेशींत मेथॉक्सॅलेन नावाचं औषध मिसळायचं आणि त्यांच्यावर अतिनील-ए किरण सोडायचे, ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे. नुसतं औषध फारसं काही करत नाही. उजेड पडला की ते पेशीच्या डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकतं. मग या पेशी परत शरीरात सोडतात आणि त्या पुढच्या एक-दोन-तीन दिवसांत आपापल्या मरून जातात.

माझा पहिला प्रश्न होता की, एका वेळी अशा किती पेशी मरतात? उत्तर होतं, शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींचा (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींचा) थोडासाच वाटा, साधारण ५ ते १० टक्के. मग एवढ्याने काय होणार? डॉक्टरांनी कागद ओढून आकृती काढली. मरणाऱ्या पेशींना शरीरातल्या दुसऱ्या पेशी गिळतात आणि त्यातून प्रतिकारशक्तीला शांत राहण्याचा निरोप मिळतो. आवर घालणाऱ्या टी-पेशी, ज्यांना ते रेग्युलेटरी म्हणत होते, त्या वाढतात. म्हणजे काम मारण्याचं कमी, वळण लावण्याचं जास्त. स्टिरॉइड सगळीच प्रतिकारशक्ती दाबतं, मग साधा सर्दी-खोकलाही जिवावर बेततो. फोटोफेरेसिस तसं सरसकट दाबत नाही. एका आईला हा फरक केवढा वाटतो हे शब्दांत सांगणं मला कठीण आहे. वर्षभर आम्ही दारावरच्या पेपरवाल्याच्या खोकल्यालाही घाबरत होतो.

ही पद्धत काल-परवाची नाही. येल विद्यापीठातल्या रिचर्ड एडल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेच्या एका लिम्फोमावर, म्हणजे लिम्फोसाइटच्या कॅन्सरवर, ती वापरली आणि १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८८ मध्ये अमेरिकेत त्या आजारासाठी तिला मान्यता मिळाली. जीव्हीएचडीसाठी ती नंतर वापरात आली. आमच्या सासूबाईंना यातलं औषधाचं कूळ ओळखीचं निघालं. त्यांच्या माहेरी कोडावर बावचीचं बी उगाळून लावायचे आणि कोवळ्या उन्हात बसवायचे. बावचीत सोरालेन असतं आणि मेथॉक्सॅलेन त्याच घराण्यातलं आहे. आईंना त्यामुळे या उपचाराबद्दल आपलेपणा वाटला, ते बरंच झालं. मात्र नात्यातल्या एकांनी लगेच बावचीचं तेल पाठवतो म्हणून फोन केला, त्यांना मी हात जोडून नको म्हटलं. जीव्हीएचडीच्या त्वचेवर आधीच ऊन सोसत नाही, उन्हाने आजार उफाळतो. त्यावर बावची लावली तर भाजेल. आमच्या उपचारात औषध पिशवीतल्या पेशींना मिळतं, मुलीच्या कातडीला नाही, हा फरक मी त्यांना तीनदा सांगितला.

मुलांच्या बाबतीत खरी अडचण वजनाची असते. धाकटी तेव्हा सोळा किलोची होती. मुलांच्या अंगात किलोमागे ७० ते ७५ मिली रक्त धरतात, म्हणजे तिच्याकडे सव्वा लिटरच्या आतच. यंत्राच्या नळ्यांत एका वेळी दीडशे-दोनशे मिली बाहेर राहिलं तर मोठ्या माणसाला कळतही नाही, पण तिचा रक्तदाब कोसळला असता. म्हणून नळ्या आधी दात्याच्या तांबड्या पेशींनी भरून घेतात. याला प्रायमिंग म्हणतात. आणि ते रक्तही इरॅडिएटेड हवं, म्हणजे किरण देऊन त्यातल्या लिम्फोसाइट निष्प्रभ केलेलं, नाहीतर त्या परक्या लिम्फोसाइट नवा जीव्हीएचडी उभा करू शकतात. प्रत्यारोपण झालेल्या मुलाला कुठेही, कधीही रक्त चढवायची वेळ आली तर ते इरॅडिएटेड आहे ना हे विचाराच. आम्ही तसं एका कार्डावर लिहून तिच्या दप्तरात ठेवलं आहे.

रक्तदाते मिळवायचं काम माझ्या भावाने अंगावर घेतलं. तो वाशीच्या एपीएमसी मार्केटात माथाडी आहे, राहायला कोपरखैरण्यात. बाजारात त्याने एकदा शब्द टाकला आणि रात्रभर गाड्या उतरवलेली माणसं सकाळी अंघोळ करून रक्तपेढीत हजर. कुणी नाव सांगून गेलं, कुणी तेही नाही. आमचं घर कळव्याला. फोटोफेरेसिस लागोपाठ दोन दिवस करतात, म्हणून दर खेपेला आम्ही भावाकडेच मुक्काम करायचो. पावसाळ्यात तर आदल्या संध्याकाळीच निघायचो, कारण विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की कळवा आणि नवी मुंबईचा संबंध तुटतो. ट्रान्स-हार्बरची लोकल तिच्यासाठी बंदच होती, गर्दीत नेणं शक्य नव्हतं. दिघा, ऐरोली, रबाळे, महापे असा रिक्षाचा प्रवास, तोंडावर मास्क, आणि माझ्या मांडीवर तिची उशी.

रक्त खेचायला आणि परत द्यायला दोन तोंडांची जाड नळी लागते. एवढ्या लहान मुलीच्या हाताच्या शिरा हे सोसत नाहीत, म्हणून गळ्याजवळून छातीत कॅथेटर बसवलं. प्रत्यारोपणाच्या वेळची नळी निघाल्यावर ती किती आनंदाने अंघोळीला बसली होती ते मला आठवत होतं. पुन्हा नळी म्हटल्यावर ती गप्प झाली, मग म्हणाली, "ह्या वेळी पट्टी गुलाबी हवी." सिस्टरांनी कुठून तरी गुलाबी पट्टी पैदा केली.

पहिल्या दिवशीचं मला तपशिलाने सांगायचं आहे, कारण मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी "काही नसतं हो, डायलिसिससारखं असतं" एवढंच सांगितलं होतं. सकाळी रक्ततपासणी झाली: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, कॅल्शियम. आकडे पुरेसे असले तरच यंत्र लावतात. आदल्या दिवसापासून तुपकट खाणं बंद. रक्तात चरबी तरंगत असली तर प्लाझ्मा दुधाळ होतो आणि यंत्राच्या प्रकाशाला पेशींचा थर नीट ओळखू येत नाही. तूप हा धाकटीचा जीव की प्राण, वरणभातावर धार नसेल तर घास उतरत नाही. त्या दोन दिवसांसाठी भावजय मुगाचं वरण लिंबू पिळून करायची आणि स्वतःही तेच जेवायची.

यंत्र सुरू झालं तसं पहिल्या काही मिनिटांतच ती म्हणाली, "आई, ओठांना मुंग्या येतायत." रक्त यंत्रात गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. त्याच्या मुंग्या. टेक्निशियन ताईंनी वेग कमी केला, कॅल्शियमची ड्रिप चालू होतीच, ती जरा वाढवली. लहान मुलं मुंग्या म्हणतीलच असं नाही. कुणाच्या पोटात दुखतं, कुणाला मळमळतं, कुणी नुसतं चिडचिड करतं. म्हणून ताईंनी मला सांगितलं, "तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहा, मी यंत्राकडे बघते." रक्त बाहेर फिरून गार होऊन येतं, त्यामुळे ती कुडकुडली, दोन ब्लँकेटं लागली. उठून संडासला जाता येत नाही, भांडं द्यावं लागतं, सात वर्षांच्या मुलीला त्याची लाज वाटते. पडदा ओढून घेण्याएवढी साधी गोष्ट, पण ती त्या ताई कधी विसरल्या नाहीत.

आमच्याकडे पेशी वेगळ्या करणारं यंत्र आणि प्रकाशाची पेटी वेगवेगळी होती. जमा झालेल्या पेशींत सलाइन घालून त्या पातळ केल्या, औषध सोडलं, आणि ती फिकट लालसर पिशवी पेटीत आडवी ठेवून झाकण लावलं. आत दिवे लागले, पिशवी हलकेच डुलत राहिली. हा भाग फार वेळ घेत नाही. वेळ जातो तो पेशी गोळा करण्यात. पिशवी परत आली, तिच्यावरचं नाव आणि नंबर दोघांनी मोठ्याने वाचून पडताळला आणि ती साध्या रक्तासारखी थेंब थेंब चढली. सकाळी आलेलो आम्ही दुपारी बाहेर पडलो.

बाहेर पडताना काळा चश्मा, टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन. मेथॉक्सॅलेनचा थोडा अंश अंगात जातो, त्यामुळे पुढचे चोवीस तास डोळे आणि त्वचा उन्हापासून जपायची. चश्मा फॅशनचा चालत नाही, अतिनील-ए अडवणारा लागतो. आणि साध्या काचेतून हे किरण बरेचसे आत येतात, म्हणून घरात खिडकीपाशी बसतानाही चश्मा.

पहिले दोन महिने काहीच दिसलं नाही. हा काळ कठीण असतो, हे कुणीतरी आधी सांगायला हवं. दर आठवड्याला दोन दिवस जायचं, यायचं, आणि आरशात तीच ताठ त्वचा. मध्येच एका रात्री तिला थंडी वाजून ताप भरला. कॅथेटर असलेल्या मुलाला १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे सकाळची वाट बघायची नाही, घरातली गोळी देऊन झोपवायचं नाही. रात्रीच गाडी करून गेलो. नळीतून जंतुसंसर्ग झाला होता. अँटिबायोटिक, नळी काढणं, नवी बसवणं, दोन आठवड्यांचा खंड. मुलांचे बाबा तेव्हा म्हणाले की, आपण थांबूया का? डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून तिचे आधीचे आणि आत्ताचे फोटो शेजारी ठेवले. आमच्या रोजच्या नजरेला न दिसलेलं त्यात दिसत होतं. तोंडातल्या रेघा पुसट झाल्या होत्या.

दर तपासणीत ते तिला नमस्कार करायला सांगतात. तळवे जुळवायचे आणि कोपरं वर न्यायची. मनगटं आणि बोटं किती वळतात ते त्यात कळतं, फोटो काढून नोंद ठेवतात. सुरुवातीला तळव्यांमध्ये माझी दोन बोटं जातील एवढी फट राहायची. चौथ्या महिन्याच्या आसपास फट गेली. मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे स्टिरॉइड. ते उतरवत नेऊनही त्वचा पुन्हा ताठली नाही. या उपचाराचं यश डॉक्टर तिथेच मोजतात: स्टिरॉइड किती कमी करता आलं. तिच्या चेहऱ्याची सूज ओसरली तसं शेजारच्या काकू म्हणाल्या, "बारीक झाली गं." मी म्हटलं, नाही, परत आली.

हे सगळं चालू असताना थोरला मुकाट होत गेला होता. तिच्या त्वचेबद्दल घरात बोलणं निघालं की तो उठून आत जायचा. एकदा आजीजवळ म्हणाला, "माझ्याच पेशी तिला त्रास देतायत ना?" अकरा-बारा वर्षांच्या मुलाने सुई सोसून बहिणीला अस्थिमज्जा दिली आणि वर हे ओझं घेतलं. दात्याची हाडं, हिमोग्लोबिन सगळं तपासतात, पण त्याच्या मनात काय चाललं आहे हे विचारायला पाहिजे असं मला फार तीव्रतेने वाटतं, आणि विशेषतः दाता मूल असेल तेव्हा. आम्ही त्याला सुट्टीत सोबत नेलं. टेक्निशियन ताईंनी त्याला यंत्राशेजारी स्टूल दिलं. म्हणाल्या, "नव्या सोसायटीत आलेला वॉचमन पहिले दिवस राहणाऱ्यांनाच गेटवर अडवतो की नाही? वॉचमन चांगलाच असतो, त्याला माणसं ओळखीची नसतात. आपण इथे ओळख करून देतोय. आणि हिच्या अंगात आता रक्त बनतंय ते सगळं तुझ्याच पेशी बनवतायत. त्या नसत्या तर ही आजही दर महिन्याला रक्त घेत असती." तो बराच वेळ पिशवीकडे बघत होता. मग त्याने विचारलं की, पेटीतले दिवे कुठल्या रंगाचे असतात. त्या दिवसापासून तो तिच्या तारखा स्वतः कॅलेंडरवर लिहितो.

पैशांचं थोडक्यात सांगते. प्रत्यारोपणासाठी आम्हाला थॅलेसेमिया बाल सेवा योजनेचा आधार होता. कोल इंडियाच्या निधीतून चालणाऱ्या या योजनेत १० लाखांपर्यंत मदत मिळते. फोटोफेरेसिसला मात्र आम्हाला वेगळे पैसे उभे करावे लागले. प्रत्येक वेळी नळ्यांचा संच नवा लागतो आणि खर्च तिथेच होतो. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाच्या ताईंनी न्यासांचे अर्ज भरायला शिकवलं, सिद्धिविनायक न्यासासारख्या ठिकाणी कुठली कागदपत्रं लागतात ते सांगितलं. उपचार सुरू होण्याआधीच त्यांना भेटा. अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो आणि मधल्या काळात सत्र चुकवणं परवडत नाही.

उल्हासनगरहून एक कुटुंब परवा भेटलं. त्यांचा मुलगा आमच्या मुलीहून लहान, बारा किलोचा. त्यांना मी माझ्या वहीतले प्रश्न दिले: इथे इतक्या कमी वजनाच्या मुलांवर केलं आहे का, प्रायमिंगचं रक्त कोण इरॅडिएट करून देतं, यंत्र सोसलं नाही तर काय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं ते मी सांगितलं. अगदी लहानग्यांसाठी यंत्राशिवाय, थोडंसंच रक्त काढून त्यावर हीच प्रक्रिया करायची छोटी पद्धतही आहे, डॉक्टरांना विचारा.

धाकटीची सत्रं आता महिन्याने होतात. त्वचा पोटऱ्यांवर अजून थोडी ताठ आहे, व्यायाम रोज चालू आहे, डोळ्यांत कोरडेपणाचे थेंब घालावे लागतात. पुढच्या खेपेला फुफ्फुसांची तपासणी आहे. नळीत जोरात फुंकायचं असतं, जीव्हीएचडी श्वासनलिकांत शिरलेला नाही ना हे त्यात पाहतात. ती ठीक आली तर अंतर आणखी वाढवायचं आणि छातीतली नळी काढायची तारीख ठरवायची, असं डॉक्टर म्हणाले आहेत. थोरल्याने त्या दिवशी शाळा बुडवून यायची परवानगी मागितली आहे. मी हो म्हटलं आहे.